निजल्या लेकराचा अपराध कोणता?



यंदाच्या अंकासाठी घेतलेला विषय पाहून कित्येकांना वाटेल की, बुवांचे जीव, जगत्, ब्रह्म, माया हे सगळे विषय संपले की काय? शाळेत एखादे पोर डुलक्या घेते, त्यावर निरूपण ते काय करायचे! गुरुजींनी त्याला उठवावे, तोंडावर पाणी मारून यायला सांगावे आणि पुढचा धडा घ्यावा. एवढा साधा हा व्यवहार. मलाही साठी उलटेपर्यंत तसेच वाटत होते. पण एका लेकराने माझ्यापुढे निजून मला असा काही प्रश्न घातला की, तर्काचे आणि वेदान्ताचे जे चार ग्रंथ गुरुगृही पाठ केले, ते सगळे पुन्हा उघडावे लागले. प्रश्न असा : निजणे हा अपराध आहे काय? असेल तर तो कोणाचा? आणि जो जागा आहे, त्याचे निजलेल्याशी कर्तव्य काय?

आधी घडले ते सांगतो. त्यात दोष माझा आहे, म्हणून तेच आधी सांगणे बरे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता. कृष्णाकाठच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. दुपारी गावच्या शाळेतले गुरुजी आले. म्हणाले, “महाराज, पोरांना चार शब्द सांगा.” गेलो. व्हरांड्यात लहान वर्गांची मुले ओळीने बसवली होती. विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे ते सुभाषित आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेच मी काढले. कावळ्यासारखा यत्न, बगळ्यासारखे ध्यान, असे सांगत सांगत तिसऱ्या लक्षणावर आलो. कुत्र्याची झोप कशी सावध, पान हलले तरी तो कान टवकारतो, हे मी हातवारे करून सांगत होतो. आणि नेमके माझ्यासमोर, पहिल्या ओळीत, दुसरीतला एक मुलगा मान खाली टाकून गाढ झोपला होता. तोंड उघडे, हातात पाटी तशीच.

कीर्तनकाराला समोर निजलेला श्रोता दिसला की काय होते, ते कीर्तनकारालाच ठाऊक! मी बोलणे थांबवले आणि म्हणालो, “बाळांनो, श्वाननिद्रा मी सांगितली. आता कुंभकर्णनिद्रा कशी असते, ती हा तुम्हांला प्रत्यक्ष दाखवतो आहे.” सगळी शाळा खदखदून हसली. त्या आवाजाने पोर दचकून उठले. उठल्याबरोबर त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हसणाऱ्यांकडे पाहिले नाही. दोन्ही हातांनी आपल्या शेजारची जमीन चाचपू लागले. काही तरी हरवल्यासारखे. मुले आणखी हसली, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो.

नंतर चहा घेताना गुरुजी हळूच म्हणाले, “महाराज, राग मानू नका. ते पोर ऊसतोड्यांचं आहे, बीडकडचं. त्याची आठ महिन्यांची बहीण आहे. रात्री तो तिला सांभाळतो. उठल्यावर तिलाच शोधत होता तो.”

चहा घशाखाली उतरेना. मी विचारले, “मग त्याला असा पुढे का बसवला?” गुरुजी म्हणाले, “रोज नाही बसवत. मागच्या कोपऱ्यात सतरंजी ठेवली आहे. आल्यावर अर्धा तास त्याला तिच्यावर टाकतो, मग शिकवतो. वरून कोणी तपासणीला आले की सतरंजी गुंडाळून ठेवतो. आज तुम्ही येणार, म्हणून गुंडाळली.”

म्हणजे त्या लेकराची झोप त्या दिवशी मोडली ती माझ्या येण्याने, आणि हसे झाले ते माझ्या तोंडाने.

संध्याकाळी कीर्तनाच्या आधी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना अशा कोरड्या मुलखांतून हजारो कुटुंबे ऊस तोडायला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि टनावर ऊस तोडून ती फेडायची. राहायला उसाच्या पाचटाची, नाही तर ताडपत्रीची कोपी, कमरेत वाकून आत जावे अशी. हंगाम संपतो तो फाल्गुन-चैत्रात. शाळेचे अर्ध्याहून अधिक वर्ष त्यातच जाते.

मुलाची आई चुलीपुढे बसली होती. मी विचारल्यावर म्हणाली, “काय करावं म्हाराज, रातीचं दोन-तीनला टोळी उठती. गाडी लागली तर रातीच भरावी लागती. तान्हं लेकरू कोपीत एकलं कसं टाकावं? कुत्रं हाय, इचूकाटा हाय, चुलीचा जाळ हाय. मंग ह्यालाच उठवते. ‘बस बाबा हिच्यापाशी’ म्हणते. बसतंय बिचारं. कवा डोळा लागला त्याचा, तर मीच रागं भरते.”

माउली, हे शेवटचे वाक्य ऐका. निजलास का, म्हणून रात्री आईने रागे भरावे. निजलास का, म्हणून दिवसा बुवांनी चारचौघांत हसावे. मग त्या लेकराने निजावे तरी केव्हा?

मुलगा बहिणीला कडेवर घेऊन उभा होता. त्याची क्षमा मागावी असे मनात आले. पण एवढ्या माणसांत, एवढ्याशा पोराची, कशी मागावी म्हणून संकोचलो. उद्या शाळेतच जाऊन मागू, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी गेलो, तर टोळी पहाटेच दुसऱ्या गावच्या फडावर हलली होती. मागायचे राहून गेले. आता ते पोर कोठे आहे, कितवीत आहे, शाळेत तरी आहे की नाही, काही ठाऊक नाही. हा लेख म्हणजे त्या राहिलेल्या देण्याचा एक भाग समजावा.

आता शास्त्राकडे वळू.

पूर्वपक्ष असा की, आपल्या संप्रदायात झोपेची निंदा आहे आणि जागराचा गौरव आहे. एकादशीची रात्र आपण टाळमृदंगाच्या नादात जागवतो. पहाटे काकड्याला उठतो. अर्जुनाला गीतेत गुडाकेश म्हटले आहे; गुडाका म्हणजे झोप, तिचा तो स्वामी. विद्यार्थ्याची झोप सावध असावी, हे सुभाषितही आहेच. मग दिवसाउजेडी, ज्ञानदान चालू असता निजणाऱ्याला दोष का देऊ नये? माझ्या तोंडून निघालेल्या थट्टेच्या मागे हाच पूर्वपक्ष उभा होता.

याला उत्तर असे. संतांनी ज्या झोपेची निंदा केली, ती मोहनिद्रा. विषयांत बुडून, आपले हित विसरून जो डोळे उघडे ठेवूनही निजलेला असतो, त्याला उद्देशून तो उपदेश आहे. देहाच्या झोपेला तो लागत नाही. देहाच्या झोपेविषयी श्रुतीने काय म्हटले आहे, ते पाहावे. बृहदारण्यक उपनिषदात दुसऱ्या अध्यायात गार्ग्य बालाकी आणि काशीचा राजा अजातशत्रू यांचा संवाद आहे. बालाकीला ज्ञानाचा ताठा होता. राजाने त्याची एकेक उपपत्ती बाजूला सारली, आणि शेवटी त्याचा हात धरून त्याला एका निजलेल्या माणसापाशी नेले. हा निजला होता तेव्हा कोठे होता, आणि आता कोठून परत आला, असा प्रश्न राजाने तेथे केला. त्याचे उत्तर देताना गाढ झोपेतल्या आनंदाला तीन दृष्टान्त दिले आहेत : लहान मूल, महाराजा आणि थोर ब्राह्मण. तिघांत पहिला मान लहान मुलाचा आहे. राजाचा क्रम नंतर आणि विद्वानाचा त्याहून नंतर. ज्या लेकराच्या झोपेला श्रुतीने ब्रह्मानंदाच्या दृष्टान्तात पहिले आसन दिले, तिला मी कुंभकर्णाची उपमा दिली!

त्याच उपनिषदात चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला झोपेविषयी सांगत असता एक लोकसमजूत येते की, निजलेल्याला एकाएकी, धसकन उठवू नये. जीव आपल्या जागी नीट परतला नाही तर त्यावर औषध करणे कठीण जाते, असे म्हणतात. हे वाक्य मी शिष्यांना कैक वेळा शिकवले आहे. पण त्या दिवशी जमीन चाचपणारे ते दोन हात पाहीपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता. ते पोर देहाने शाळेच्या व्हरांड्यात आले होते, आणि जीवाने अजून कोपीतच होते.

वैद्यकशास्त्राचेही मत हेच. चरकाचार्यांनी देहाला तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. अन्नाच्या बरोबरीने झोप. दिवसा झोपणे त्यांनी उन्हाळ्यावाचून एरवी निषिद्ध ठरवले. पण लगेच अपवादांची यादी दिली. तीत गायनाने थकलेले आहेत, अध्ययनाने थकलेले आहेत, कष्टाने, ओझी वाहून आणि वाट चालून थकलेले आहेत, म्हातारे आहेत, दुबळे आहेत आणि बालके आहेत. माउली, या यादीत कीर्तनकार येतो, विद्यार्थी येतो, हमाल येतो, वारकरी येतो. वारीत दुपारच्या विसाव्याला झाडाखाली आडवे झालेल्या वारकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. मग बालक, विद्यार्थी आणि रात्रभर कष्टलेला अशा तीन नात्यांनी ज्याचा हक्क लागतो, त्या पोराला आपण कोणत्या तोंडाने आळशी म्हणणार?

आजच्या विद्वानांनी याचे मापही ठरवले आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या परिषदेने २०१६ साली सांगितले की, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. वाढीचे रस झोपेतच अधिक स्रवतात. दिवसा शिकलेले अक्षर रात्री झोपेत मुरते, म्हणून तर सकाळी आठवते. झोप तुटली की मूल पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते उलट चिडखोर, चंचल होते, एका जागी बसत नाही. आपण त्याला द्वाड म्हणतो. आठ वर्षांच्या मुलाला नऊ तास झोप हवी असेल आणि ते रात्री दोनला उठत असेल, तर त्याने सायंकाळी पाचला निजायला हवे. त्या वेळी त्याचे आईबाप फडावरून परतलेलेही नसतात.

आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी काय सांगितले? अति निजणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अति जागणाऱ्यालाही साधत नाही. झोप आणि जाग दोन्ही युक्त, म्हणजे बेताची असावी. गुडाकेश अर्जुनाला समोर बसवूनच भगवंत हे सांगत आहेत, हे विशेष.

येथे मुख्य भेद ध्यानात घ्यावा. अर्जुनाने झोप जिंकली, ती स्वतःची. एकादशीला आपण जागतो, ते आपल्या इच्छेने, आणि द्वादशीला पारणे करून दुपारी निवांत निजतो. स्वतःची झोप देवाला वाहिली तर ते तप होते. दुसऱ्याची झोप काढून घेतली तर तिला तप म्हणता येत नाही, तिला चोरी म्हणावे लागते. अस्तेय हे व्रत आपण पैशापुरते आणि धान्यापुरते समजतो. पण लेकराच्या देहाला देवाने दिलेला जो विसावा, तो कोणी नेला तर तीही चोरीच होय. वर्गात निजलेले पोर चोर नव्हे. त्याच्याच घरी चोरी झाली आहे. जे रात्री गेले ते, मिळेल तेथे, मिळेल तेव्हा ते परत घेऊ पाहते आहे.

मग चोर कोण? आई म्हणावी, तर तिचीही रात्र तिची नाही. मुकादम म्हणावा, तर त्याला गाडीची वेळ कारखान्याने घालून दिलेली. कारखाना म्हणावा, तर तोडलेला ऊस वाळला की उतारा घटतो, म्हणून त्याची घाई. प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि त्या ओळीच्या अगदी शेवटी तुम्ही आम्ही उभे असतो, चहाच्या कपात दोन चमचे साखर घालीत.

आता पंढरीकडे चला. आपल्या दोन मोठ्या वाऱ्या कोणत्या? आषाढी आणि कार्तिकी. आषाढ शुद्ध एकादशी ती शयनी, त्या दिवशी भगवान क्षीरसागरात निजतात. कार्तिक शुद्ध एकादशी ती प्रबोधिनी, त्या दिवशी जागे होतात. एक देवाच्या निजण्याची, दुसरी देवाच्या उठण्याची. देवाच्या झोपेला या दोन वाऱ्यांची चौकट आपणच बांधली आहे. निजणे हे हीन असते, तर आपण देवाला निजवला असता काय?

राउळातली रीत तर याहून बोलकी आहे. एरवी रोज शेजारती होते, देव निजतो, पहाटे काकड्याला उठतो. पण यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग निघतो. शेजघरातला पलंग काढून ठेवतात, पाठीशी लोड देतात, आणि लाखो लेकरांना भेटण्यासाठी देव रात्रंदिवस उभा राहतो. हे सगळे झाल्यावर काय करतात? यात्रा संपली, आता लाग रोजच्या कामाला, असे देवाला कोणी म्हणत नाही. प्रक्षाळपूजा करतात. देव दमला, त्याचा शिणवटा काढला पाहिजे, म्हणून पायांना लिंबू आणि साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, रात्री काढा देतात, आणि पलंग पुन्हा आत आणून त्याला निजवतात.

पाषाणाच्या मूर्तीचा शीण ज्या संप्रदायाला कळतो, त्याच्या कीर्तनकाराला समोर बसलेल्या हाडामासाच्या लेकराचा शीण कळू नये, याची मला लाज वाटली. देवाच्या पायांना चोळण्यासाठी जी साखर आपण घेतो, तिच्यामागे कोणाची रात्र गेली, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. त्या पोराचा पलंग तर हंगामाच्या पहिल्या दिवशी निघतो, तो सहा महिने परत येत नाही, आणि त्याची प्रक्षाळपूजा कोणी करीत नाही.

यावर एक शंका येते, आणि ती खोटी नाही. खुद्द त्या गुरुजींनीच ती काढली होती. म्हणाले, “महाराज, सतरंजी टाकतो खरी, पण मनाला समाधान नाही. त्याला निजू दिलं की तेवढा वेळ अक्षर बुडतं. वर्षातले पाच-सहा महिने तो इथं, तेही असे. अक्षर आलं नाही तर पंधराव्या वर्षी त्याच्याही हातात कोयता. मग त्याला निजू देणं ही दया की त्याचा घात?”

मी पुष्कळ विचार केला. निजलेल्याच्या कानात घातलेले अक्षर आत जात नाही; म्हणून उठवून बसवण्यात त्याचे शिकणे होते असे नाही, फक्त आपली शिस्त राखली जाते. त्या अर्थी गुरुजींची सतरंजी योग्यच. पण रोज सतरंजी टाकावी आणि तेवढ्यावर समाधान मानावे, तर गुरुजींची शंका खरी ठरते. घरी चोरी झालेल्याला एका रात्रीपुरते पांघरूण द्यावे, पण चोरीचा तपास करूच नये, असे ते होईल. म्हणून सिद्धान्त असा : निजलेल्याला आधी निजू द्यावे, मग हलक्या हाताने उठवावे, आणि मग त्याच्या रात्रीची चौकशी करावी. अजातशत्रूने विचारले, हा निजला होता तेव्हा कोठे होता? आपण विचारावे, हा जागा होता तेव्हा कोठे होता?

चौकशी केली की कळेल, प्रत्येक निजणाऱ्याचे कारण वेगळे असते. कोणाच्या अंगात रक्त कमी असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या सदुसष्ट बालकांना पंडुरोग आढळला, हे लहान प्रमाण नव्हे. कोणाच्या पोटात जंत असतात. कोणाच्या घशातल्या गाठी वाढून रात्री श्वास अडतो. ते घोरते, दचकते, आणि निजूनही त्याची झोप होत नाही. कोणी सकाळी उपाशी आलेले असते. रोजच असे होत असेल तर छडी किंवा थट्टा कामाची नाही, डॉक्टरांना दाखवावे. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली आहे. माझी ती कुंभकर्णाची थट्टा त्या बंदीच्या कितीशी बाहेर होती?

शहरातल्या माउलींनी, हे सगळे ऊसतोड्यांचे आहे, आपले नव्हे, असे म्हणू नये. तुमच्या घरी कोपी नाही; पण रात्री अकरापर्यंत दिवे, दूरदर्शन आणि हातातला मोबाईल चालू असतो. लेकरू त्या उजेडात जागते, आणि सहाला रिक्षा दारात येते. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, शिशुवर्गापासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांची झोप होत नाही हे पाहूनच. शाळेची वेळ शासन बदलील. घरातला दिवा मात्र आपणच मालवायचा आहे.

आणि एक गोष्ट आपल्याच पंगतीत बसून सांगतो, कडू लागली तरी गोड मानून घ्यावी. आपल्या सप्ताहात कीर्तन रात्री नऊला उभे राहते, ते अकरा वाजेतो चालते. काकडा पहाटे चारला. देवळावरचे कर्णे गावाकडे तोंड करून असतात. ज्याला ऐकायचे तो मांडवात आलेलाच असतो; कर्ण्यातून ऐकतो तो गावातला आजारी, बाळंतीण आणि सकाळी शाळेला जाणारे लेकरू. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये असा २००० सालचा नियम आहे. सणासुदीला काही दिवस सवलत मिळते, पण लेकराच्या झोपेला सण कळत नाही. मी स्वतः त्या पौषापासून कीर्तनाला उभा राहण्याआधी कर्णे मांडवाकडे फिरवून घेतो आणि दहाला बंद करायला सांगतो. दोनचार गावांनी कुरकुर केली. एका गावी तर बुवांचा आवाज बसला का, असे विचारले. म्हटले, बसला नाही, लेकरे निजली आहेत.

ऊसतोड्यांच्या मुलांसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि काही झालेलेही आहे. आईबाप गेले तरी मुलाला गावीच आजी-आजोबांपाशी ठेवून शाळेत दोन वेळ जेवू घालावे, यासाठी बीडकडे हंगामी वसतिगृहे चालवली गेली. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली, तिला भगवानगडाच्या संत भगवानबाबांचे नाव आहे. भगवानबाबा आपल्याच संप्रदायातले, कीर्तनाने तो सगळा मुलूख जागवणारे. त्यांच्या नावाची वसतिगृहे नीट चालतात की नाही, तेथे अंथरूण आहे की नाही, हे पाहणे हा शासनाचा जेवढा, तेवढाच आपला धर्म आहे. पालखीच्या तळावर आपण हजारोंच्या पंगती उठवतो. हंगामात आपल्या गावच्या शिवारात टोळी उतरली, तर देवळाच्या ओवरीत रात्री चार तान्ही लेकरे निजवावी, दोन म्हाताऱ्या मायबहिणींनी त्यांच्यापाशी बसावे, एवढे कोणत्या गावाला अवघड आहे? म्हातारपणी झोप तशीही कमीच असते. आपल्या जागरणाचा तेवढा तरी उपयोग व्हावा. त्या रात्री एक दुसरीतला मुलगा निजेल, आणि सकाळी पाटीवर अक्षर काढील.

मी हे एका गावात सुचवले. पहिल्या वर्षी कोणी ऐकले नाही. दुसऱ्या वर्षी एका माळकरी आजीने आपल्या पडवीत तीन लेकरे घेतली. मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “बुवा, तुमच्या हरिपाठानं मला झोप लागत नव्हती, ह्या पोरांच्या घोरण्यानं लागते.” मी तिच्या पाया पडलो.

ते पहिले पोर मला पुन्हा भेटले नाही. कधी एखाद्या शाळेत बोलायला उभा राहिलो की पहिल्या ओळीत त्याला शोधतो. श्वाननिद्रेचे ते सुभाषित आता मी सांगत नाही. आणि कीर्तनात कोणी लेकरू आईच्या मांडीवर निजले, तर टाळकऱ्यांना खूण करतो, माउली, जरा हळू.

॥ रामकृष्णहरि ॥